शेंगदाण्याची ओळ

“तुमच्या बिस्किटांत शेंगदाणा असतो का हो? माझ्या लेकीला तो चालत नाही. एक दाणा पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो.”

बिस्किटांच्या कारखान्यात लेबलांचं काम बघणाऱ्या बाईंनी फोन कानाशी धरून समोरचा पुडा उलटा केला. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो.’ ही ओळ त्यांनीच गेल्या महिन्यात घातली होती. कारखान्यात शेंगदाणा औषधालाही सापडला नसता. पण नियम कडक आणि तपासणीला येणारे साहेब त्याहून कडक. ओळ छापली की आपण सुटलो! मालकांनी तर सगळ्यांदेखत बाईंची पाठ थोपटली होती.

“आजवर ती हीच खात आलीय,” मुलीची आई म्हणाली. “आता अचानक ही ओळ कशी आली?”

खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. पण तोंडी काही बोललो आणि उद्या अंगाशी आलं तर? बाई म्हणाल्या, “छापलंय ते खरं समजा, ताई,” आणि फोन ठेवला. दोनदा त्यांनी तो नंबर लावायला घेतला आणि दोनदा टाळलं. आपण भित्रेपणा केला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आठ दिवसांनी पुन्हा तोच आवाज आला. “दवाखान्यातून बोलतेय. माफी मागायला फोन केला. तुम्ही सांगूनही लेकीच्या हट्टापायी मी तुमचं बिस्किट दिलं. काही झालं नाही. मला वाटलं, या ओळी अशाच उगाच छापतात. काल दुसऱ्या कंपनीचा केक दिला. त्यावरही तीच ओळ होती.” तिला हुंदका आला. “वाचली हो पोर. पण तुमचं ऐकायला हवं होतं मी.”

माफी मागायची, आणि तीही आपली! आता गप्प बसणं बाईंच्याने होईना.

“ताई, आमच्या बिस्किटांत शेंगदाणा नाही. कधीच नव्हता. मी नुसतं लिहून ठेवलं होतं.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?” आई म्हणाली. “मी तेवढंच तर विचारलं होतं.”