एकशे बारावी गाय

पशुरोग संशोधन संस्थेच्या गोठ्यात गाई एकशे अकरा होत्या. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या आल्या एकशे बारा. शेवटच्या नळीवर गोठा सांभाळणाऱ्या काकांच्या अक्षरात लिहिले होते: ‘गाय, वय त्रेपन्न.’ “काका, गाय इतकी जगते?” संशोधिकेने विचारले. “माणसांच्या दवाखान्यात ही तपासणी नाही, मॅडम. सहा महिने मला ताप येतोय, तर गोळ्या देऊन वाटेला लावतात. म्हटलं, गाय होऊन बघू.” गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, गाईंची अडकलेली वार काका उघड्या हातांनी काढत; त्यांच्यासाठी हातमोज्यांची संशोधिकेची मागणी संचालकांनी तीनदा फेटाळली होती. काकांच्या रक्तात गाईंना गाभडवणारा तोच रोग निघाला. ती संचालकांकडे धावली. “सर, एकशे बारावी गाय म्हणजे आपले काका. उपचार हवेत.” “माणसं आपल्या अखत्यारीत येत नाहीत. बाधित असेल तो कळपाबाहेर, एवढाच नियम.” संध्याकाळी बडतर्फीच्या पत्राची घडी घालताना काका हसले. “नशीब, मॅडम. रोगी गाईला तर सुई टोचून मारतात.”