पाठवल्याचा रकाना

"आधी सगळ्यांनी घाबरणं बंद करा," भिंगरी म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या पडद्यावर रिपोर्ट लावला.

घाबरले होतेच सगळे. नळ बनवणाऱ्या त्या कंपनीचं नेट गेला आठवडाभर मुंगीच्या पावलांनी चालत होतं. कोण किती वापरतं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवा, असा मालकीणबाईंचा हुकूमच निघाला होता.

"सगळ्यात वरचं नाव दिसतंय मला," मालकीणबाई म्हणाल्या. "रिसेप्शन! दिवसभर सिनेमे बघतेस का गं?"

रिसेप्शनवाली पांढरीफटक पडली.

"नाही हो मॅडम. तिचं यंत्र बिचारं स्वतःलाच अपडेट करत बसलंय," भिंगरी म्हणाली. "सगळे हीच चूक करतात. नेटवरून किती आणलं तेवढंच बघतात. शेजारचा रकाना बघा ना. किती पाठवलं!"

कंपनीचं नेटवर्क सांभाळायला लागल्यापासून भिंगरी याच क्षणाची वाट बघत होती. भिंगरी हे घरातलं नाव, बाबांनी ठेवलेलं. बाबाही इथेच ड्रॉइंग काढायचे, आणि त्यांचा अपमान झाला होता तो याच खोलीत, याच पडद्यासमोर.

तेव्हा रिपोर्ट साहेबांनी लावला होता. साहेब म्हणजे मालकीणबाईंचा उजवा हात. नव्या नळांची ड्रॉइंग बाबांच्या यंत्रावरून बाहेर गेली होती आणि दुसऱ्याच कंपनीने तसेच्या तसे नळ बाजारात आणले होते. "रिपोर्ट खोटं बोलत नाही," एवढंच साहेब म्हणाले. बाबा पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून सगळ्या टेबलांमधून चालत बाहेर पडले. कुणी मान वर केली नाही म्हणे.

तेव्हापासून बाबा खुर्चीत बसलेले असायचे. स्वयंपाकघरातला नळ टपटपायचा आणि आयुष्यभर नळच काढत आलेला हा माणूस जागचा हलायचा नाही. भिंगरीने विषय काढला की म्हणायचे, "जाऊ दे ना गं." त्यांच्या त्या भलेपणाचाच तिला भयंकर राग यायचा. मग त्यांच्या वाटचा सूड तिने स्वतःकडे घेतला.

साहेबांनीच केलं असणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर पोलिसांत का गेले नाहीत? मुलाखतीला तर वर तोंड करून विचारलं होतं, "बाबा कसे आहेत?" आणि नोकरी जागच्या जागी देऊन टाकली. मन खातंय, दुसरं काय!

वर हा लाडीगोडीचा कहर. "बेटा, हा म्हातारा पुन्हा दमला बघ," असं म्हणत आपला लॅपटॉप पासवर्डसकट तिच्या टेबलावर ठेवून जायचे. तिने त्याचा कोपरान् कोपरा धुंडाळला होता. जुनी पत्रं, जुन्या फायली, सगळं. काही म्हणजे काही सापडलं नाही. पुसून टाकलं असणार. चोर एवढा वेंधळा थोडाच असतो?

"ही ओळ बघा," भिंगरी आता म्हणाली. "आणलंय चिमूटभर, पाठवलंय पोतंभर. आठवडाभर, रोज दुपारी. आणि सगळं बाहेरच्या एकाच खात्यावर."

"काय पाठवलंय?" मालकीणबाईंचा आवाज बारीक झाला.

"ते रिपोर्टमध्ये नसतं. म्हणून मी फायलींची नोंद शेजारी लावून बघितली. नव्या नळांची ड्रॉइंग आहेत, मॅडम."

मालकीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"यंत्र कुणाचं?"

"प्रत्येक यंत्राला जन्मखूण असते, मॅडम. बदलत नाही सहसा." भिंगरीने ती ओळ मोठी केली. "ही साहेबांच्या लॅपटॉपची आहे."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. मग भिंगरीकडे. बराच वेळ.

"बेटा, नीट वाचलंस ना?"

"तुम्हीच म्हणाला होतात साहेब. रिपोर्ट खोटं बोलत नाही."

साहेबांनी तोंड उघडलं. "दुपारी तर माझा लॅपटॉप..." ते म्हणाले आणि थांबले. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे.

"लॅपटॉपचं काय?" मालकीणबाई कडाडल्या. "बोला ना!"

"काही नाही, मॅडम. माझं काही म्हणणं नाही."

म्हणणार काय, कप्पाळ! खोकं भिंगरीनेच आणून दिलं. चांगलं मोठं, पुठ्ठ्याचं. साहेब सगळ्या टेबलांमधून चालत गेले आणि ती दारापर्यंत मागून बघत राहिली. पोट भरेपर्यंत बघितलं तिने.

घरी ती जिना चढली नाही, उडतच आली.

"बाबा! साहेबांना हाकललं! खोक्यासकट! सगळ्यांसमोर!"

बाबा खुर्चीतून उठले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच असे चटकन उठले. "का? काय झालं?"

"ड्रॉइंग बाहेर पाठवली म्हणून."

"काहीतरीच काय! तो माणूस असं करणं शक्य नाही."

"नाहीच केलं त्यांनी!" भिंगरीला हसू आवरेना. "मी केलं! त्यांच्याच लॅपटॉपवरून, माझ्याच एका खोट्या खात्यावर. तुमच्या नावावर त्यांनी जे केलं ना, तेच मी त्यांच्या नावावर केलं. अगदी तस्सं! फिटलं की नाही, सांगा!"

बाबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माझ्या नावावर कुणी काही केलं नव्हतं गं," ते म्हणाले. "ती ड्रॉइंग मीच विकली होती."