एक तरी चूक

बापाचं मिठागर बंदरात गेलं, त्या बदल्यात भागोजीला उरणच्या कंटेनर यार्डात नोकरी लागली. वीस वर्षं त्यानं गेटवर उभं राहून कंटेनरचे नंबर वहीत उतरवले. आता ते कॅमेरा वाचायचा आणि भागोजी कॅमेऱ्याच्या चुका सुधारायचा. “काका, ज्या दिवशी एकही चूक निघणार नाही, त्या दिवसापासून तुम्ही घरी,” ऑफिसातल्या मानसी मॅडमनी सांगून ठेवलं होतं. आज सकाळपासून एकही निघाली नव्हती. दिवस कलताना एक गंजका कंटेनर आला. भागोजीला शेवटचा आकडा तीन दिसला; स्क्रीनवर आठ होता. त्याच्या जिवात जीव आला. लगबगीनं तो कंटेनरपाशी गेला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं गंज पुसू लागला. “किती घासशील, दादा? आठच हाय तो,” ड्रायव्हर म्हणाला. आठच होता. गंजलेला आठ तिनासारखा दिसतो, हे कॅमेऱ्याला भागोजीनंच शिकवलं होतं.