नववी पिशवी

नववं वजन ठेवलं तरी नळ्या उभ्याच राहिल्या.

मिनलने टेबलाशी डोळे नेऊन पाहिलं. वहीच्या कागदाच्या तीन नळ्या, त्यांच्यावर फळी आणि फळीवर शाळेची एकेक किलोची नऊ लोखंडी वजनं. घरी तर नवव्यालाच नळ्या चेपून खाली बसायच्या. एकदा नाही, बारा वेळा. तिने दहावं ठेवलं, तेव्हा कुठे नळ्या चिरडल्या.

"भाकीत चुकलं तुझं," रुपाली मॅडम म्हणाल्या. प्रदर्शनातला प्रयोग नेटवरचा नको, स्वतःच्या डोक्यातला हवा, ही त्यांचीच अट. कागद किती पेलेल हे आधी सांगायचं आणि मग करून दाखवायचं, हे मिनलला सुचलेलं. पोरगी आठवडाभर त्याच तोऱ्यात होती. "घरी कुठली वजनं घेतली होतीस?"

"पप्पांच्या दुकानातली."

प्रदर्शनाची तयारी बघायला आलेले, खुर्चीवरचे यशवंतराव हसले. निगडीतले जुने धान्याचे व्यापारी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. वर्गातला पंखा त्यांचा, घड्याळ त्यांचं, बाहेरची पाण्याची टाकीही त्यांचीच. जिथं बघावं तिथं लाल रंगात 'सप्रेम भेट'.

"रद्दीवाल्याची वजनं व्हय? मग पोरीची काय चूक. रद्दी घेताना किलोचं वजन जडच ठेवत्यात."

वर्ग खदाखदा हसला. मिनलचे कान तापले. बापाला चोर म्हटलेलं कुणाला सोसेल?

रोहिदास दुकानात गठ्ठा बांधत होते. चाकणच्या कंपनीत पंधरा वर्षं त्यांनी सुटे भाग मोजून तपासले होते. कंपनीने माणसं कमी केली, तेव्हा हे रद्दीचं दुकान टाकलं.

"पप्पा, आपली वजनं जड आहेत का?"

"तुला काय वाटतं?"

मिनलने तराजूतल्या वजनांकडे पाहिलं. तिचं ते बघणंच त्यांना लागलं. सुतळीची गाठ दोनदा सुटली.

"कर नाही त्याला डर कशाला," शेवटी ते म्हणाले. "घेऊन जा, तपास. कंपनीत आम्ही तपासल्याशिवाय कुणाला पास करत नव्हतो. नापासही नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती यशवंतरावांच्या दुकानात शिरली. घरातला तांदूळ, डाळ, सगळं इथूनच यायचं. दुकानात चकाचक इलेक्ट्रॉनिक काटा होता. तिने दप्तरातून किलोचं वजन काढून त्यावर ठेवलं. आकडा आला: एक किलो शंभर ग्रॅम.

यशवंतरावांनी आवाज खाली घेतला. "बापाला बोलू नगं, पोरी. पोटासाठी मानूस करतो कायबाय."

मिनल लांबच्या रस्त्याने घरी गेली. तिला बापाचा राग आला, लाज वाटली आणि मग राग आल्याचीच लाज वाटली. ताटातला भात तसाच राहिला. पण पोरगी हट्टी. एका काट्याच्या शब्दावर बापाला नापास करायचं तिला पटेना. ज्याला कुणी काटा मारू शकत नाही असं वजन हवं होतं.

सकाळी आईने दुधाची पिशवी कापली आणि मिनल तिच्याकडे बघतच राहिली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सातवीच्या पुस्तकातलं वाक्य, आणि आठवण आत्ता व्हावी.

प्रदर्शनाला यशवंतराव प्रमुख पाहुणे होते, पहिल्याच खुर्चीवर. रोहिदास दाराशी उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

मिनलने दुधाच्या धुतलेल्या दहा पिशव्या मांडल्या. मॅडमनी स्वतः मोजपात्राने प्रत्येकीत एक लिटर पाणी भरलं आणि रबर लावलं.

"आधी भाकीत," मिनल म्हणाली. "पप्पांची वजनं खरी असली तर नवव्या पिशवीला नळ्या बसतील. शाळेची खरी असली तर दहाव्या. जे होईल ते मी सगळ्यांसमोर मान्य करीन."

"शाबास," यशवंतराव म्हणाले. "पोरगी बापावर गेली न्हाई."

पाच. सहा. सात. आठव्या पिशवीला फळी जराशी हलली आणि स्थिरावली. मिनलने नववी पिशवी दोन्ही हातांनी अलगद टेकवली.

नळ्या बसल्या.

तिने नव्या नळ्या लावून पुन्हा केलं. पुन्हा नववीलाच. दाराशी रोहिदासांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसत राहिले.

"म्हणजे शाळेचीच वजनं हलकी," मॅडम सावकाश म्हणाल्या. "दहा मिळून जेमतेम नऊ किलो. किलोला शंभरेक ग्रॅमनी. आपल्याकडे ही आली तरी कुठून?"

यशवंतराव उठले होते. रावेतला दुसरा कार्यक्रम आहे, उशीर होतोय, असं काहीतरी ते म्हणत होते.

मिनलने शाळेच्या वजनांतलं एक उचललं, उलटं केलं आणि बुडावरची धूळ अंगठ्याने पुसली. लाल रंग अजून शाबूत होता.

'सप्रेम भेट. यशवंतराव धान्य भांडार, निगडी.'