शाळेची जागा

शेवंतीला हॉलमधल्या शेवटच्या बाकावर बसलेली पाहिली आणि महिपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. आणि आज, विकास आराखड्याच्या सुनावणीत, चारचौघांसमोर ती त्याच्यावर उलटायला आली होती.

काशीगावात बरेच दिवस कुजबुज चालू होती. शेवंतीनं शाळेतल्या आशाबाईंकडून हरकतीचा अर्ज लिहून घेतलाय, ती आता अर्धा वाटा मागणार. महिपतनं ते हसण्यावारी नेलं होतं. हाटकेशच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका गाळ्यात बाटल्यांना झाकणं बसवणारी बाई ती. रोजंदारी बुडवून साहेबासमोर कशाला उभी राहतेय? आता मात्र त्याला घाम फुटला होता.

त्याच्या मते त्यानं काहीच वावगं केलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी पहिला नकाशा लागला, तेव्हा बापाच्या शेतावर शाळेचं आरक्षण पडलं. आजूबाजूच्या शेतांवरही तेच. आरक्षण पडलं म्हणजे जमीन मेली, ना विकता येत, ना त्यावर बांधता येत, असं महिपत गावभर सांगत सुटला. घाबरलेल्या लोकांनी येईल त्या भावात त्यालाच शेतं देऊन टाकली. बहिणीला त्यानं समजावलं, की जागा सरकार नेणार, तिथं शाळा होणार, कचेरीचे हेलपाटे तुला झेपायचे नाहीत, तुझा हक्क माझ्या नावे सोड. तिनं वाद घातला नाही. ठाण्याच्या निबंधक कचेरीत येऊन मुकाट्यानं अंगठा दिला. बहिणीची माया, म्हणून तो तेव्हा गहिवरलाही होता.

पण ज्या बिल्डरच्या ऑफिसात तो चहाला बसायचा, तिथं त्याला वेगळीच विद्या मिळाली होती. बिल्डर म्हणाला होता, "रिझर्वेशन पेन्सिल से लिखते हैं, महिपतभाई. रबर अपने पास है."

रबर फिरलं. बदललेल्या नकाशात शाळा गावापासून लांब खाडीकडे सरकली आणि महिपतची शेतं इमारतींसाठी मोकळी झाली. मातीचे ट्रक येऊन उभे राहिले. तेवढी ही सुनावणी पार पडली, की नारळ फोडायचा होता.

त्यानं शेवंतीला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं. आवाज खाली ठेवून बोलला. घरातलं भांडण असं चव्हाट्यावर आणू नकोस, म्हणाला. इमारत उभी राहिली की दोन खोल्यांचा फ्लॅट तुझ्या नावावर करतो. तुझा अमोल स्वतः माझ्याकडे येऊन गेलाय, पोटमाळ्यावर संसार करून त्याची बायको कंटाळलीय, म्हणाला. शेवंती भिंतीला टेकून ऐकत होती. फ्लॅटचं नाव निघालं तशी तिनं मान खाली घातली. अमोलच्या बायकोनं कालच माहेरी जायची धमकी दिली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. महिपतला वाटलं, जमलं.

"बोलून झालं तुझं?" तिनं विचारलं आणि ती आत गेली.

आत सुनावणी घेणारे साहेब कंटाळले होते. सकाळपासून जो उठत होता तो एकच मागणं मागत होता. कुणाच्या जागेवरची बाग काढा, कुणाच्या जागेवरचा दवाखाना काढा, कुणाच्या प्लॉटमधून जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या प्लॉटमधून न्या. शेवंतीचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी वरही पाहिलं नाही.

"तुमचंही आरक्षण काढायचंय ना?"

"न्हाय साहेब. ठेवायचं हाय."

हॉलमधल्या माना वळल्या. बाईची समजूत चुकली असावी, असं साहेबांना वाटलं. त्यांनी तिला सावकाश समजावलं, की आरक्षण उठलं तर जमिनीला सोन्याचा भाव येईल, त्यात नुकसान कुणाचंच नाही. ते ठाऊक आहे, म्हणाली ती. मग सांगू लागली. गावातली शाळा चौथीला संपते. पुढची हायवेच्या पलीकडे, आणि तो हायवे ट्रकांचा. तिची लेक सुलू चौथी पास होऊन घरी बसली ती कायमचीच. आता नात चौथीत आहे. आराखड्यातली नवी शाळा खाडीच्या अंगाला गेलीय. तिथं भरतीला गुडघाभर पाणी भरतं. हे कागदावर ओढणाऱ्यानं ती जागा पाहिली तरी आहे का? बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. एवढ्या मोठ्यानं बोलताना महिपतनं तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

तो ताडकन उठला. या बाईचा त्या जमिनीशी काडीचाही संबंध नाही, असं त्यानं साहेबांना ठणकावून सांगितलं. तिनं हक्क सोडलाय, स्वखुशीनं, रीतसर, सख्ख्या भावाच्या नावे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. विचारा तिलाच.

साहेबांनी आता पहिल्यांदाच शेवंतीकडे नीट पाहिलं. हे खरं आहे का, म्हणून विचारलं.

"खरं हाय. अंगठा माझाच हाय," शेवंती म्हणाली. तिनं भावाकडे वळूनही पाहिलं नाही. "पन जमीन मी शाळेसाठी सोडली, साहेब. भावासाठी न्हाय."