बेडी परत मागायला

खुशालनं पोलिसाची रायफल हिसकली आणि पळाला, म्हणून गोळी घालावी लागली, असं ठाण्यानं जाहीर केलं. प्रेत कापडात शिवून घरी पोचवलं. "शिवण उसवू नका, तसंच जाळा," असं बजावून जीप गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच जीपमधला जमादार तलमडुगुच्या बसनं एकटाच आला. खुशालच्या मायसमोर, भागीरथाबाईसमोर, उकिडवा बसला.

"माय, चावी हरवली होती, म्हून बेडी त्याच्या हातातच राह्यली. उद्या हैदराबादचे साहेब तपासणीले येऊन राह्यले. एक जोडी कमी भरून राह्यली. राखेत सापडली असंल तं दे ना."

"हातात बेडी होती, तं रायफल कायनं हिसकली जी त्यानं? दातानं?"

जमादारानं टोपी काढून घाम पुसला. "ते मोठ्या साहेबाले विचार. मले बेडी दे, माही नोकरी जाईन."

"राख कुठची आनू? बिनलग्नाच्या पोराले आमी जाळत नाही, पुरतो. शिवण उसवून पाह्यली, अन् होता तसाच पुरला, बेडीसकट."

जमादाराचा चेहरा खुलला. "मंग कुदळ दे. मी गुपचूप काढून घेतो."

"गुपचूप काऊन? मॅजिस्ट्रेट आना, डाक्टर आना, फोटोवाला आना. हात पाठीमागं कसे बांधले हायेत, ते त्यायले बी पाहू द्या. तवरोक गाव तिथं पहाऱ्यावर बसून हाये."

"मॅजिस्ट्रेट असा येते का, माय? अर्ज द्या लागते."

"आमी देल्ला होता, कचेरीनं फेकला. आता तुमी द्या, जमादारसाहेब. पोलिसाचा कोन फेकते?"