हजर सदस्य

"मावशी, सही करा पटकन, वर सगळे बसलेत," म्हणत पालिकेच्या शिपायानं रजिस्टर मेथीच्या जुड्यांवर उघडून ठेवलं. दोन वर्षांपूर्वी द्वारकाबाईंना फेरीवाला समितीवर महिला सदस्य म्हणून नेमलं, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. बैठक पालिकेत व्हायची आणि यांची सही इथे, भाजीपाशी. "तुम्ही कशाला धंदा बुडवून येता?" असं साहेब म्हणायचे. केवढी ती माया!

आज गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी चष्मा लावून सहीच्या वरचा मजकूर वाचला. या गल्लीतल्या सगळ्या भाजीवाल्यांना उठवून नाल्यापलीकडे हलवायचं, असा ठराव होता. एकमतानं मंजूर. आणि ठराव मांडणाऱ्या सदस्य कोण, तर द्वारकाबाई खैरमोडे.

"माझ्याच पोटावर पाय, आणि तोही माझ्याच नावानं?" रजिस्टर काखेत मारून आणि भाजीचा रिकामा क्रेट उचलून त्या ताडताड निघाल्या. शिपाई "अहो मावशी, अहो मावशी" करत मागे.

पालिकेत त्यांनी सभागृहाचं दार ढकललं. आत चहा-बिस्किटं चालली होती. लांब टेबलाभोवती अकरा खुर्च्या आणि अकरा साहेब. दोन वर्षं प्रत्येक बैठकीला हजर असलेल्या बाईची खुर्चीच तिथे नव्हती.

त्यांनी क्रेट उपडा घातला आणि टेबलाला भिडवून त्यावर ठाण मांडलं.

"ठराव मी मांडलाय ना? मग मीच वाचून दाखवते. आणि विरोधातलं पहिलं मतही माझंच लिहून घ्या."